दोन बोटं पाणी

ऋतुजाचा ताप उतरला आणि इंद्रायणी घाबरली.

बाकी सगळ्यांना हायसं वाटलं होतं. इंद्रायणीचा नवरा अभिमन्यू चार दिवसांत पहिल्यांदाच खाली जाऊन निवांत चहा पिऊन आला. तिची आई, शकुंतलाबाई, दवाखान्याच्या खिडकीतून जेवढं काही आभाळ दिसत होतं तेवढ्याला हात जोडून बसली. सिस्टरनं तक्त्यावर आकडा लिहिला, ऋतुजाच्या गालाला हात लावला आणि पुढच्या कॉटकडे गेली. नऊ वर्षांची पोर चार दिवस तव्यासारखी तापली होती, आज सकाळी तिचं कपाळ गार लागत होतं. दुसऱ्या कुठल्याही आईनं देवापुढं साखर ठेवली असती. इंद्रायणीनं मात्र कपाळावर ठेवलेला हात झटकन काढून घेतला.

तिला भीती वाटत होती ती त्या गारव्याचीच. डेंगूचा ताप असा चौथ्या-पाचव्या दिवशी उतरतो आणि खरी जोखीम त्यानंतरच्या दोन दिवसांत असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या दोन दिवसांत रक्तातलं पाणी शिरांमधून बाहेर झिरपायला लागतं. पोट दुखतं, हातपाय थंड पडतात, आणि पोर शांत झोपलीय असं वाटत असतानाच ती हातची जाते. बहुतेक पोरं यातून तरतात, शंभरातलं एखादं तरत नाही. हे 'शंभरातलं एखादं' इंद्रायणीनं स्वतःच्या हातानं कितीदा तरी लिहिलं होतं, पण समीकरणात ते शून्य दशांश शून्य एक असं दिसायचं आणि त्याला कपाळ नसायचं.

ती डॉक्टर नव्हती, कॉलेजात गणित शिकवायची. गेली तीन वर्षं डेंगूच्या साथीवर प्रबंध लिहीत होती. किती डास जन्मतात, किती मरतात, आजारी माणसाला चावलेला एक डास पुढं किती जणांना चावतो, हे सगळं समीकरणांत बसवायचं आणि साथ पेटणार की विझणार ते आधीच सांगायचं, असा तिचा उद्योग. जिवंत गोष्टींचं असं गणित मांडता येतं यावर स्टाफरूममध्ये कुणाचा फारसा विश्वास नव्हता. मराठीच्या सरांनी तर तिचं नाव 'मच्छर मॅडम' पाडलं होतं. ती हसून घ्यायची, कारण काम तिच्या जिवाभावाचं होतं आणि आपलं गणित खरं आहे याची तिला खात्री होती. माणसाला खात्री वाटते तेव्हाच त्यानं जरा घाबरायला हवं, पण हे आपल्याला कुणी शाळेत शिकवत नाही.

समोरच्या कॉटवर सात वर्षांची सृष्टी होती, आणि तिच्या उशाशी तिची आजी बजाबाई. या दोघी शकुंतलाबाईंच्याच गल्लीतल्या, चार दारं सोडून पलीकडे राहणाऱ्या. सृष्टीचे आईबाप पुण्याकडे कामाला. पोर आजीपाशी वाढत होती आणि आजी कडक भाकऱ्या करून नवी पेठेतल्या दुकानांना देत होती. सृष्टी कालच भरती झाली होती आणि तिची परिस्थिती ऋतुजापेक्षा बिकट होती. एवढा उशीर का केला असं डॉक्टर बजाबाईंना जरा रागावूनच बोलले होते. ते गेल्यावर म्हातारीनं डोळ्याला पदर लावला आणि इंद्रायणीला सांगितलं,

"तीन दिस घरीच ठिवली वो बाई. मंडळाच्या बायका सांगून गेल्या हुत्या, या गल्लीला डेंगूची भीती न्हाय म्हनून. म्हटलं, साधाच ताप आसंल."

इंद्रायणी उठली आणि वॉर्डातून फिरायला लागली. प्रत्येक कॉटपाशी थांबून चौकशी केल्यासारखं विचारायची, कुठून आलात. लोक आपुलकीनं सांगायचे, गल्लीचं नाव, जवळचं मंदिर, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी. वॉर्डात अकरा पोरं होती. त्यातली नऊ शहराच्या ज्या भागातली होती तो भाग सहा आठवड्यांपूर्वी तिनं स्वतः नकाशावर हिरव्या रंगानं रंगवला होता. हिरवा म्हणजे इथं काळजी नाही.

त्याचं असं झालं होतं. जुलैच्या अखेरीला दाक्षायणीताई तिच्याकडे आल्या होत्या. त्या निवृत्त नर्स. घरी बसवेना म्हणून त्यांनी वीस-बावीस बायकांचं एक मंडळ बांधलं होतं. बायका घरोघर जायच्या, पाण्याची बॅरलं तपासायच्या, आळ्या दिसल्या की औषध टाकायच्या. पण बायका थोड्या, औषध थोडं आणि शहर अफाट. तेव्हा आधी कुठं जावं हे मॅडमनी गणितानं सांगावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. इंद्रायणी हुरळून गेली. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या समीकरणाचं उत्तर मागायला कुणी दारात आलं होतं.

आणि उत्तर देखणं निघालं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे काही नव्यानं सांगायला नको. तिनं गोळा केलेल्या माहितीत काही वस्त्यांना आठव्या-नवव्या दिवशी पाणी मिळत होतं, जुन्या गल्ल्यांना पाचव्या दिवशी. मधल्या दिवसांसाठी लोक बॅरलं भरून ठेवतात आणि डासीण अंडी घालते ती त्यातच. अंड्याचा डास व्हायला आठ दिवस तरी लागतात. मग जिथं पाचव्या दिवशी बॅरल रिकामं होऊन पुन्हा भरतं, तिथं आळीला पंख फुटायच्या आतच ती गटारात जाते. एका रुग्णामागं एकापेक्षा कमी नवे रुग्ण झाले की साथ आपोआप विझते. जुन्या गल्ल्यांत तो आकडा आला शून्य दशांश सात. तिनं अशा चाळीस गल्ल्या हिरव्या केल्या आणि मंडळाच्या बायका तिथं नुसतं 'भीती नाही' सांगून पुढं गेल्या. नवी पेठेमागची तिच्या आईची गल्ली त्या चाळिसांतली एक. शाळा सुटली की ऋतुजा रोज संध्याकाळपर्यंत तिथंच, आज्जीपाशी असायची.

अकरातली नऊ पोरं. इतका मोठा घोळ निव्वळ योगायोगानं होत नाही, हे कळायला गणिताची पदवी लागत नाही. कुठंतरी तिचं चुकलं होतं, आणि कुठं ते तिला सापडत नव्हतं.

दुपारी ऋतुजाचं रक्त पुन्हा तपासायला घेणार होते. तोवर तिच्यापाशी अभिमन्यू बसला आणि इंद्रायणी कपडे आणायला म्हणून आईच्या घरी निघाली. आई तिच्या आधीच घरी गेली होती, कारण तो पाण्याचा दिवस होता. नात दवाखान्यात असली तरी पाण्याचा दिवस चुकवून चालत नाही. गौरी-गणपती नुकतेच होऊन गेले होते, तरी नवी पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. रिक्षा मुंगीच्या पावलानं सरकत होती आणि इंद्रायणी मनातल्या मनात एकेक समीकरण तपासत होती. सगळी बरोबर होती. त्यानं तिची भीती आणखीच वाढत होती.

गल्लीत पाणी सुटलं होतं. दारोदार पाइप जोडलेले, बायकांची लगबग, घागरींचे आवाज. शकुंतलाबाई पाइप हातात घेऊन अंगणातल्या निळ्या बॅरलात सोडायच्या बेतात होत्या. इंद्रायणीनं त्यांचा हात धरला आणि मोबाइलचा उजेड बॅरलात पाडला. तळाला दोन बोटं पाणी होतं, आणि त्यात आळ्या वळवळत होत्या. दहा-वीस नव्हेत, तळ काळा दिसावा इतक्या.

"आई, भरायच्या आधी हे ओतून का टाकत नाहीस?"

शकुंतलाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू लेकीनं चूल विझवून भाकरी कर म्हटलं असावं. "आन् पाणी आलंच न्हाय तर?" त्या म्हणाल्या.

मग पाइप बाजूला धरून त्यांनी सांगितलं, तेही अगदी शांतपणे, शेंबड्या पोराला सांगावं तसं. बॅरल कधी रितं करायचं नसतं. जुन्यावर नवं घालायचं असतं. मधेच पाइपलाइन फुटली, वीज गेली, पंप बिघडला, तर तळाच्या त्या चार तांब्यांवर एक दिवस निघतो. बाहत्तरच्या दुष्काळात त्या पोरसवदा होत्या, मोहोळकडच्या गावात. सगळ्या भांड्यांचा तळ दिसल्यावर घरातल्या मोठ्या माणसांची तोंडं कशी झाली होती ते त्यांना अजून आठवत होतं. आणि हे काही त्यांचं एकटीचं खूळ नव्हतं. अख्ख्या गल्लीत असंच होतं, चार तांबे तळाला राखल्याशिवाय कुठलीच बाई नळाची वाट बघत नव्हती.

इंद्रायणी तिथंच पायरीवर बसली. तिला हे ठाऊक होतं, हीच तर खरी गोष्ट होती. हे तिला कुणी नव्यानं सांगत नव्हतं. आठ-नऊ वर्षांची असताना आईला मदत म्हणून तिनं एकदा बॅरल उलटं करून लख्ख घासलं होतं आणि पाठीत सणसणीत धपाटा खाल्ला होता. त्या दिवशी पाणी रात्री उशिरा आलं आणि तोवर आई तिच्याशी बोलली नव्हती. एवढं सगळं अंगावर असताना प्रबंधाच्या एकतिसाव्या पानावर तिनं लिहिलं होतं: 'नवे पाणी भरण्यापूर्वी बॅरल पूर्ण रिकामे होते, असे मानू.' तळाचं पाणी घेतलं की समीकरण किचकट होत होतं, नीट सुटत नव्हतं. शून्य मानलं की छान सुटत होतं. म्हणून तिनं शून्य मानलं होतं.

त्यातही दोन बोटं म्हणजे बॅरलाचा विसावा भाग, त्यात कितीशा आळ्या उरणार, असं कुणी म्हणेल. पण तांब्या बुडवला की आळ्या तळाला पळतात. पाच दिवस लोक वरचं पाणी काढत राहतात आणि एकेक करून सगळ्या आळ्या त्या दोन बोटांत गोळा होतात. मग त्यावर नवं पाणी पडतं. दह्याच्या तळाला विरजण राखावं तशी गल्लीतली प्रत्येक बाई जपून डासांचं विरजण राखत होती, आणि सहा आठवडे त्या गल्लीत कुणी औषधाचा थेंब टाकला नव्हता.

आईला तिनं तेव्हा काही सांगितलं नाही. कपड्यांची पिशवी उचलली आणि परत आली. निघताना तेवढं म्हणाली की आजचं तळाचं ओतून टाक. शकुंतलाबाई बरं म्हणाल्या आणि लेकीची पाठ फिरल्यावर त्यांनी काय केलं असेल ते तिला न बघताही कळलं.

दवाखान्यात ऋतुजा झोपली होती. इंद्रायणीनं तिची बोटं चाचपली. गार होती, पण पंखाही चालू होता. रक्ताचा अहवाल यायला तासभर होता. तिनं जुन्या अहवालाचं पाकीट उलटं केलं आणि त्याच्या पाठीवर हिशोब मांडला. शून्य काढून तिथं तळाचं पाणी घातलं. समीकरण आता सरळ सुटत नव्हतं, मोबाइलवर टप्प्याटप्प्यानं सोडवावं लागलं. एका रुग्णामागं नवे रुग्ण: एक दशांश आठ. म्हणजे साथ विझणार नव्हती, ती आत्ता कुठं पेटत होती. चाळीस गल्ल्या धरून दसऱ्यापर्यंत एकशेवीस पोरं. त्यातली दगावणारी, एक दशांश दोन.

एक दशांश दोन. तिनं तो आकडा दोनदा तपासला. अशा आकड्यांवर तिनं परिषदांमध्ये निबंध वाचले होते आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. माणसं काही दशांशात मरत नाहीत, गणित फक्त किती ते सांगतं, कोण ते सांगत नाही. हे वाक्य ती दर वर्षी वर्गात जरा ऐटीत म्हणायची. आज तिनं पाकिटावरून मान वर केली तेव्हा एका बाजूला ऋतुजा होती, समोर सृष्टी होती. आणि तिच्या मनात आलं: माझी नको.

एवढंच आलं. कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाचं वाईट चिंतलं नाही. पण तसं म्हणताना आपले डोळे समोरच्या कॉटवर होते हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची इतकी किळस आली की ती उठून बाहेरच्या जिन्यावर गेली. तिथून तिनं दाक्षायणीताईंना फोन लावला. एकतिसाव्या पानापासून एक दशांश दोनपर्यंत तिनं सगळं सांगितलं. प्रबंधाचं काय होईल, कॉलेजात लोक काय म्हणतील, हे त्या क्षणी तिच्या डोक्यात आलंच नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. आलं, पण ती बोलत राहिली.

दाक्षायणीताईंनी एवढंच विचारलं, "किती गल्ल्या?"

"चाळीस."

"उद्यापासनं लागू की कामाला. पण मॅडम, तिथं भीती नाही म्हणून सांगून आल्या त्या माझ्याच बायका. आता त्याच दारात जाऊन त्यांनी काय सांगायचं?"

"माझं नाव सांगा," इंद्रायणी म्हणाली.

ती वॉर्डात परतली तेव्हा ऋतुजा जागी होती आणि पोट धरून कण्हत होती. मग उलटी झाली. हात बर्फ झाले. अहवाल आला: प्लेटलेट अडतीस हजार, रक्त दाट झालेलं. सिस्टर धावल्या, डॉक्टर आले, सलाइनचा वेग वाढला, कमी झाला, पुन्हा वाढला. किती द्यायचं त्यालाही हिशोब असतो. कमी पडलं तर पोर जाते आणि जास्त झालं तर फुप्फुसात पाणी भरतं. अभिमन्यू भिंतीला टेकून उभा होता, त्याचे ओठ हलत होते. इंद्रायणी ऋतुजाचं मनगट धरून नाडी मोजत राहिली, कारण मोजण्याखेरीज तिला दुसरं काही येत नव्हतं. नाडी बोटाखाली इतकी बारीक लागायची की मधेच ती हरवली असं वाटायचं आणि इंद्रायणी पुन्हा एकपासून मोजायला लागायची. सांगून संपणार नाही इतका मोठा तो वेळ होता. बाई देवाला मानणारी नव्हती, पण तिनं त्या वेळात जेवढे देव आठवले तेवढ्यांना हाका मारल्या, आणि प्रत्येकाला तेच दोन शब्द सांगितले जे तिला सांगायचे नव्हते.

उजाडल्यावर ऋतुजाची बोटं कोमट झाली. आठच्या सुमाराला तिनं डोळे उघडले आणि आज्जीच्या हातची भाकरी मागितली. डॉक्टरांनी रक्त पाहिलं, पोट दाबून पाहिलं आणि आता गाडी उताराला लागली म्हणाले. अभिमन्यू लहान मुलासारखा रडला. इंद्रायणीला रडू आलं नाही. तिनं समोर पाहिलं. सृष्टीची कॉट रिकामी होती. चादर बदललेली होती आणि उशाशी बजाबाईंची वेताची पिशवी नव्हती.

पहाटे त्या पोरीला मोठ्या दवाखान्यात हलवलं, एवढं सिस्टरनं न विचारता सांगितलं. पुढचं इंद्रायणीनं विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ऋतुजाला घरी सोडलं तेव्हाही तिनं विचारलं नाही. दाक्षायणीताईंचा रोज फोन यायचा, आज इतक्या गल्ल्या झाल्या, इतकी बॅरलं उलटी केली, इतक्या ठिकाणी लोकांनी शिव्या घातल्या. फोन वाजला की आता त्या सृष्टीबद्दल सांगतील असं वाटायचं. त्या सांगत नव्हत्या, आणि त्यानं तिची भीती कमी होत नव्हती.

पुन्हा पाण्याचा दिवस आला त्या सकाळी ती आईच्या घरी गेली. नवी पेठेमागची ती गल्ली तिनं मुद्दाम स्वतःकडे ठेवून घेतली होती. आईला समोर बसवून तिनं सगळं सांगितलं. शकुंतलाबाईंनी ऐकून घेतलं. मग बॅरलाकडे पाहत म्हणाल्या,

"म्हंजी हितल्याच पाण्यातला डास चावला तिला. माज्याच."

"बॅरल तुझं होतं, आई. चूक माझी. तू काय करतेस ते मला माहीत होतं."

शकुंतलाबाई उठल्या. तळाचं पाणी फडक्यातून गाळून त्यांनी एका कळशीत घेतलं, कळशीचं तोंड दुसऱ्या फडक्यानं घट्ट बांधलं आणि ती घरात नेऊन ठेवली. पाणीही राहिलं आणि डासाला वाटही उरली नाही. तीन वर्षांत जे लेकीच्या समीकरणात सुटलं नव्हतं ते त्यांनी दोन मिनिटांत सोडवून टाकलं. मग त्यांनी बॅरल आडवं केलं आणि नारळाच्या शेंडीनं आतून घासायला घेतलं. घासताना त्या सारख्या नळाकडे बघत होत्या. नळाला अजून पाणी सुटलं नव्हतं.

मग इंद्रायणी दारोदार गेली. प्रत्येक दारात तिनं तेच सांगितलं, की हिरवा रंग मी दिला होता, तो चुकीचा होता, आता कळशीत गाळून घ्या आणि बॅरल घासा. काही बायका तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. एकीनं दार लावून घेतलं. तरी बॅरलं आडवी होत होती. ती बजाबाईंच्या दाराकडे वळली तशी शकुंतलाबाईंनी तिला मागून गाठलं.

"तितं आज नगं जाऊ," त्या हळूच म्हणाल्या.

म्हणजे जे विचारायचं ती टाळत होती ते न विचारताच कळलं. परवा, असं आई म्हणाली. मोठ्या दवाखान्यात, परवा संध्याकाळी. इंद्रायणीचे पाय तिथंच थांबले. परत फिरावं असं तिला फार वाटलं. गल्लीतून पळत सुटावं, घरी जाऊन ऋतुजाला पोटाशी धरावं आणि पुन्हा या बाजूला फिरकू नये. पण त्या दारातही एक बॅरल होतं.

बजाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. आत चूल थंड होती आणि परातीवर माश्या बसत होत्या. सृष्टीचे आईबाप आत भिंतीकडे तोंड करून पडले होते. इंद्रायणी खाली जमिनीवर बसली. जे बाकीच्या दारांत उभ्यानं सांगितलं होतं ते तिनं इथं बसून सांगितलं. शेवटी म्हणाली, "भीती नाही असं तुम्हाला मंडळानं सांगितलं, ते माझ्या सांगण्यावरनं. मी म्हटलं म्हणून तुम्ही तीन दिवस घरी ठेवलंत."

बजाबाई मारतील, शिव्या देतील, तर बरं होईल असं इंद्रायणीला वाटत होतं.

"तुमची पोरगी बरी हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं झालं," बजाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्या दुपारी दोन कॉटांमध्ये बसून इंद्रायणीनं मनात जे म्हटलं होतं ते या बाईला कधीच कळणार नव्हतं, आणि 'बरं झालं' या दोन शब्दांनी तिला जे लागलं ते शिव्यांनी लागलं नसतं. मग म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली. "हात लावा जरा. मला एकटीला कलंडत न्हाय."

दोघींनी मिळून बॅरल कलतं केलं. पाच दिवसांपूर्वी शेजारणींनी ते भरून ठेवलं होतं आणि त्यातलं फारसं कुणी काढलं नव्हतं, पाणी भदाभदा गटारात गेलं आणि सगळ्यात शेवटी तळाचं काळं पाणी आलं. उन्हात पडलेल्या आळ्या थोडा वेळ तडफडल्या. काहींच्या मात्र नुसत्या रिकाम्या साली पाण्याबरोबर वाहत गेल्या. त्यांचे डास होऊन केव्हाच उडून गेले होते. इंद्रायणीला पाकिटामागचा आकडा आठवला. एक दशांश दोन. त्यातला एक झाला होता, दोन दशांश अजून बाकी होता, आणि दसऱ्याला तीन आठवडे होते. ते उरलेलं शून्य मानायची हिंमत आता तिच्यात नव्हती.

दुसऱ्या टोकाच्या नळात हवेचा आवाज सुरू झाला. पाणी सुटायला पाच-दहा मिनिटं होती आणि गल्लीतली सोळा दारं राहिली होती. तिनं ओले हात ओढणीला पुसले आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.